कापलेल्या वेणीचे पुढे काय?

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना. तो उजाडला की मोबाईलवर वेण्यांचे फोटो येऊ लागतात. मानेपर्यंत केस कापून घेतलेली तरुणी, हातात रबरबँड लावलेली फूटभर वेणी, चेहऱ्यावर समाधान. कॉलेजांत शिबिरे होतात, एखादा सलूनवाला त्या दिवशी पैसे घेत नाही, एखाद्या सोसायटीचे महिला मंडळ पुढाकार घेते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे बारा इंचांची वेणी ही अडीच वर्षांची ठेव असते. शाळकरी मुलगी ती ठेव कुणा अनोळखी रुग्णासाठी मोडते, याचे कौतुक वाटायलाच हवे. ज्या समाजात लांब केस हे बाईच्या रूपाचे भांडवल मानले जाते, तिथे ते आपण होऊन उतरवणे सोपे नाही.

त्या कौतुकाला धक्का लावण्याचा इथे हेतू नाही. विचारायचे आहे ते त्याच्या पुढचे. वेणी पाकिटात घालून कुरिअरने रवाना झाली, त्यानंतर तिचे काय होते? ती कुणाच्या डोक्यावर पोहोचते, किती दिवसांनी आणि कुणाच्या खर्चाने? माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. आपल्या देशात केसांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई आहे ती केसांचा विग करणाऱ्या हातांची, त्या हातांच्या मजुरीची आणि तयार विग रुग्णापर्यंत वेळेत नेणाऱ्या व्यवस्थेची. नुसत्या वेण्या गोळा करून ती भरून निघत नाही. केशदानाची चळवळ खरोखर उपयोगी पडायची असेल, तर तिला देणाऱ्याच्या समाधानापाशी थांबून चालणार नाही.

पण आधी एक आक्षेप निकालात काढू. ‘जिवावर बेतलेले असताना केसांचे काय घेऊन बसलात?’ असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, कधी कधी डॉक्टरही म्हणतात. ‘परत येतील की!’ हे त्याचे धृपद. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो, ऐकणारीला मात्र आपले दुःख उथळ ठरवले गेल्यासारखे वाटते.

केमोची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. दुर्दैवाने केसांच्या मुळांतल्या पेशीही तशाच असतात. डोक्यावरच्या लाखभर केसांपैकी ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेलसारखे औषध सुरू झाले की जवळजवळ सगळे डोके मोकळे होते. पहिल्या सायकलनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीवर पुंजके दिसू लागतात. पुष्कळदा भुवया आणि पापण्याही जातात. औषध थांबल्यावर महिना-दोन महिन्यांत लव फुटते, पण मानेपर्यंत केस यायला वर्षाहून अधिक काळ लागतो. काही जणींच्या बाबतीत, विशेषतः डोसेटॅक्सेलसारख्या औषधानंतर, ते पूर्वीसारखे कधीच येत नाहीत.

शस्त्रक्रियेची खूण कपड्याखाली राहते. मळमळ, थकवा, झोप उडणे हे घराच्या चार भिंतींत निभावता येते. केस गेले की आजार रस्त्यावर येतो. रिक्षावाला आरशातून पाहतो, जिन्यात भेटलेली शेजारीण आवाज खाली आणते, दुकानदार सुटे पैसे हातावर ठेवताना क्षणभर थबकतो. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत ‘कॅन्सर’ हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. मुलीचे लग्न ठरायचे आहे, नोकरी कायम व्हायची आहे, सासरी कळलेले नाही, अशा कारणांनी आजार झाकलेला असतो. तो कुणाला, कधी आणि किती सांगायचा हे ठरवण्याचा अधिकार केसांबरोबर जातो. केस जातील म्हणून केमोच नको म्हणणाऱ्या बायका कर्करोगतज्ज्ञांना भेटतात, त्याचे मूळ या धास्तीत आहे. नटण्याच्या हौसेत नाही.

मराठी बाईच्या बाबतीत या धास्तीला इतिहासाचाही आधार आहे. नवरा मेला की बायकोचे केस उतरवण्याची चाल आपल्याच समाजातल्या काही जातींत होती आणि तिला धर्माचे पाठबळ होते. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक वर्तुळातले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि तिच्यातल्या यमूचे सक्तीने झालेले केशवपन मराठी घराघरांत वाचले गेले. ज्या बाईचे केस काढले ती पंक्तीतून, समारंभातून, माणसांतून उठली, हा अर्थ तेव्हा सर्वांना न सांगता कळत होता. चाल गेली, तरी अर्थ पुरता गेलेला नाही. केमो चालू असलेल्या सवाष्णीला हळदीकुंकवाला न बोलावणे, मुंज-लग्नात तिने मागे बसलेले बरे असे सुचवणे, हे प्रकार आजही होतात. म्हणून केसांचे दुःख हे चैनीचे दुःख आहे असे निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये.

या इतिहासातून एक कसोटी मात्र हाती लागते. केस काढले म्हणून अन्याय होतो असे नाही. मुलांचे जावळ काढतात, बाप गेला की मुलगा डोके करतो, नवसाला स्त्रिया आनंदाने केस देतात. अन्याय होतो तो दुसऱ्याने ठरवले म्हणून. ज्याचे डोके त्याचा निर्णय, ही कसोटी केस देणाऱ्या मुलीला लागू आहे तशीच विग घेणाऱ्या रुग्णालाही. या कसोटीकडे पुन्हा येऊ.

आता केसांच्या हिशेबाकडे वळू. तिरुमलेच्या बालाजी देवस्थानात केस उतरवण्याच्या जागी, म्हणजे कल्याणकट्ट्यावर, अहोरात्र वस्तरे चालतात. नवस फेडायला आलेल्या बायाबापड्या, पुरुष, लेकरे रांगेने बसतात आणि डोके मोकळे करून दर्शनाला जातात. हे केस लांबीप्रमाणे निवडले जातात आणि २०११ पासून देवस्थान त्यांचा ई-लिलाव करते. देवस्थानच्या अंदाजपत्रकात केसांच्या विक्रीचे उत्पन्न शंभर कोटी रुपयांच्या वर दाखवलेले असते. दुसरा प्रवाह गुंतवळाचा. केस विंचरल्यावर कंगव्यात राहिलेला गुंता फेकून न देता पिशवीत साठवायचा आणि दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला देऊन त्याच्या बदल्यात भांडे, फुगे नाहीतर सुया घ्यायच्या, हा व्यवहार आपल्या खेड्यापाड्यांत अजून चालतो. ते गुंतवळ गोळा होत होत कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या गावी जाते. तिथे बायका ते सोडवतात, धुतात, लांबीनुसार जुड्या बांधतात. मानवी केसांच्या जागतिक व्यापारात भारत हा अग्रेसर पुरवठादार आहे. कच्चे केस इतके बाहेर जात होते, आणि त्यातले पुष्कळ चोरवाटांनी, की देशातल्या केस-उद्योगाच्या तक्रारीनंतर जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारला त्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणावे लागले.

हे केस किती दूर जातात याची एक कहाणी आहे. सनातनी ज्यू समाजात विवाहित स्त्रिया स्वतःचे केस झाकण्यासाठी विग घालतात. २००४ साली त्यांच्या एका थोर धर्मगुरूने निर्णय दिला की भारतातल्या मंदिरात वाहिलेल्या केसांचे विग चालणार नाहीत, कारण ते मूर्तिपूजेतले आहेत. जेरुसलेममध्ये आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रस्त्यांवर विगांच्या होळ्या पेटल्या. म्हणजे तेलुगू, तमिळ, मराठी बायकांनी बालाजीला वाहिलेले केस ब्रुकलिनपर्यंत बिनबोभाट पोहोचले होते. तेच केस परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पथारी टाकलेल्या बाईपर्यंत पोहोचत नाहीत. याला केसांचा तुटवडा म्हणता येत नाही. बाजार जिथे पैसा तिथे माल नेतो आणि या बाईकडे पैसा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

केस आणि विग यांच्यामध्ये काय काय असते ते देणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. संस्थेकडे वेणी आली की आधी ती मोजतात आणि पारखतात. ब्लीच केलेले केस ठिसूळ झालेले असतात, ते बाद होतात. स्टेप कट असेल तर वेणी वरून फूटभर दिसते, आत निम्मे केस आखूड निघतात. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे वळलेले असतात. सगळे केस एकाच दिशेने नसतील तर विग चार धुण्यांत गुंतून जातो. म्हणून वेणी घट्ट बांधून मगच कापायची असते. जमिनीवर पडलेले केस गोळा करून पाठवले तर त्यांचा या कामी उपयोग नसतो. मग निरनिराळ्या डोक्यांचे केस रंग आणि पोत पाहून जुळवायचे. एका विगला साधारण सहा ते दहा वेण्या लागतात. त्यानंतर जाळीच्या टोपीवर बारीक आकड्याच्या सुईने एकेक, दोनदोन केस गाठ मारून बसवायचे. गाठ मारताना केस दुमडतो, त्यामुळे फूटभर वेणीचा विग फूटभर लांब होत नाही. पूर्ण हाताने बांधलेला विग म्हणजे कुशल कारागिराचे कित्येक दिवसांचे काम.

कापूस पिकला म्हणून अंगावर लुगडे येत नाही. मध्ये पिंजारी, सूतकरी, विणकर असावे लागतात. विदर्भाला हे वेगळे सांगायला नको. केसांचेही तसेच आहे. जगातले विग मोठ्या प्रमाणावर चीनमधल्या श्युचांगसारख्या शहरांत बनतात. आपण कच्चा माल पाठवतो आणि तयार माल महाग घेतो. बाजारात कृत्रिम धाग्याचा विग काही हजारांत मिळतो, मानवी केसांचा बरा विग पंधरा-वीस हजारांपासून पुढे. वेणी फुकट मिळाल्याने या किमतीतला एक भाग वाचतो. मजुरी, जाळी, माप, धुलाई, पोहोचवणे हा खर्च तसाच राहतो. केशदानाच्या आवाहनात वेणीची लांबी ठळक अक्षरांत असते. या खर्चाचा आकडा मात्र सहसा कुठेच नसतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ‘केस गेलेला रुग्ण’ म्हणून आपण ज्याला एकच समजतो, ते दोन वेगळ्या गरजांचे लोक आहेत. पहिली गरज केमोवाल्यांची. भारतात २०२२ साली एकट्या स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले असा अंदाज आहे. त्यातल्या पुष्कळ जणींना केमो घ्यावी लागते. त्यांना विग लागतो तो काही महिन्यांपासून फार तर वर्ष-दीड वर्षापर्यंत, पण लागतो तो तातडीने. निदान झाल्यावर केमो लगेच सुरू होते आणि तिसऱ्या आठवड्यात केस जातात. तेव्हा मागणी नोंदवून चार महिन्यांनी येणारा सुंदर विग त्यांच्या काय कामाचा? यवतमाळहून किंवा नांदेडहून मुंबईला आलेली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नातेवाइकाबरोबर राहणारी, बसने परळला जाणारी बाई डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात, घामाने चिकट झालेल्या आणि औषधाने हळव्या झालेल्या टाळूवर मानवी केसांचा जड विग तिला किती वेळ सोसवेल? तो धुवायचा, वाळवायचा, विंचरायचा कुठे? तिला हलका कृत्रिम विग किंवा सुती स्कार्फ अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे. अमेरिकेत पॅन्टीन कंपनीने २००६ मध्ये सुरू केलेला केशदानाचा मोठा कार्यक्रम २०१८ मध्ये थांबवला, तेव्हा कारण हेच दिले होते: कृत्रिम विग आता हलके, थंड आणि निगा राखायला सोपे झाले आहेत आणि रुग्णांची पसंती त्यांना आहे.

दुसरी गरज चाईवाल्यांची. चाई पडणे हे आपल्या ओळखीचे, पण त्यामागचा आजार फारसा ओळखीचा नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. शंभरांतल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी तरी हे होते. बहुतेकांना रुपयाएवढा एखादा डाग पडून भरून येतो. काहींचे सगळे डोके जाते, काहींच्या अंगावर एक केस राहत नाही. पुष्कळदा हे लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होते. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात विल स्मिथने मंचावर जाऊन जी थप्पड मारली, ती याच आजाराने केस गेलेल्या त्याच्या बायकोवर केलेल्या विनोदामुळे. थप्पड जगाला पाठ झाली, आजार लगेच विस्मरणात गेला. त्याच वर्षी अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. पण ती सर्वांना लागू पडत नाही आणि थांबवली की केस पुन्हा जाऊ शकतात.

चाई झालेल्या दहा वर्षांच्या मुलीला विग काही महिन्यांपुरता नको असतो. ती शाळेत जाणार, खो-खो खेळणार, गॅदरिंगला नाचणार, पुढे कॉलेजात जाणार. तिचे डोके वाढणार, वापराने विग झिजणार आणि वर्ष-दोन वर्षांनी नवा लागणार. तो डोक्यावर पक्का बसणारा, खऱ्या केसांसारखा हलणारा, मापाचा हवा. इथे मानवी केसांना आणि हाताच्या कारागिरीला खरी किंमत आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘लॉक्स ऑफ लव्ह’ या संस्थेचे विग मुख्यतः अशाच, दीर्घकाळ केस नसलेल्या मुलांसाठी असतात. गंमत अशी की तिला केस पाठवणाऱ्या असंख्य लोकांची समजूत आपली वेणी कर्करोगाच्या रुग्णाला मिळते अशीच होती. आपल्याकडेही केशदानाच्या आवाहनांत कर्करोग ठळक असतो आणि चाईचा उल्लेख क्वचित. कर्करोग या शब्दाने डोळे पाणावतात, चाईने पाणावत नाहीत. चाईने कुणी मरत नाही, हे खरे. पण जिवाला धोका नाही म्हणून त्या मुलीला ना सहानुभूती मिळते, ना मदत. वरून ‘लागण होईल’ म्हणून बाकावर शेजारी कुणी बसत नाही. चाई संसर्गाने पसरत नाही, हे शाळांना अजून सांगावे लागते.

यातून धोरण सरळ निघते. दान आलेले चांगले, लांब मानवी केस आधी चाईच्या मुलांसाठी आणि ज्यांचे केस परत येणारच नाहीत अशांसाठी राखावेत. केमोच्या रुग्णांसाठी प्रत्येक हॉस्पिटलात उसना विग देणारी पेढी असावी: दहा-वीस रंगांचे, लांबीचे, मापांचे हलके विग, पहिल्या सायकलच्या आधीच घालून पाहण्याची सोय, वापरून झाल्यावर परत घेऊन, स्वच्छ करून पुढच्या रुग्णाला देण्याची पद्धत. केस परत आलेल्या कित्येक स्त्रियांच्या कपाटात विग पडून आहेत. ते पाहवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्यांना पेढी सापडली तर एक विग एकीवर न संपता चार-पाच जणींच्या उपयोगी पडेल.

‘मग केशदान कराच कशाला? त्यापेक्षा पैसे द्यावेत,’ असा निष्कर्ष कुणी काढील. तोही मला पटत नाही. महिना हजार रुपये देऊ शकणारे घर आणि केस देऊ शकणारी मुलगी ही एकच असतील असे नाही. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलीकडे देण्यासारखे जे आहे ते ती देते. तिला ‘त्यापेक्षा चेक पाठव’ म्हणणे उद्धटपणाचे आहे. शिवाय अडीच वर्षे केस वाढवताना ती घरात, वर्गात, मैत्रिणींत या आजारांविषयी बोलते. ज्या घरात कॅन्सरचे नाव घेत नव्हते तिथे ते घेतले जाते. बाजारातून विकत घेतलेल्या केसांनी हे काम होत नाही. मुंबईतला मदत ट्रस्ट वर्षानुवर्षे अशा वेण्या स्वीकारून रुग्णांना विग पुरवतो आहे. अशा संस्थांचे काम या मुलींमुळे चालते. इंग्लंडमधली ‘लिटल प्रिन्सेस ट्रस्ट’ ही संस्था आपली पाच वर्षांची मुलगी गमावलेल्या आईवडिलांनी २००६ मध्ये सुरू केली. केस पाठवणाऱ्यांना ती विगच्या खर्चासाठी वर्गणीही जमवायला सांगते. वेणी आणि वर्गणी यांची जोडी तिथे स्वाभाविक मानली जाते. आपल्याकडे ती अजून जुळायची आहे.

दान सत्पात्री असावे, असे आपण म्हणतो. त्याचा अर्थ घेणारा लायक आहे का ते तपासणे, असा आपण लावतो. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे का, हे तपासणेही त्यातच येते. त्या बाजूने पाहिले तर केशदानाच्या काही प्रथा बदलायला हव्यात. विग मिळालेल्या रुग्णाचा फोटो छापणे बंद व्हावे. ज्या बाईने आजार लपवण्यासाठी विग घेतला, तिचाच ‘आधी’ आणि ‘नंतर’चा फोटो कार्यक्रमाच्या फलकावर लावण्याइतकी विसंगत गोष्ट दुसरी नाही. शाळांनी शिबिरांत मुलींवर आडून दडपण आणू नये. ‘सगळ्या जणी देताहेत’ हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीला सक्तीसारखेच असते. आणि रुग्णाला सोबत म्हणून घरच्यांनी किंवा मित्रांनी डोके भादरायचे असेल तर आधी रुग्णाला विचारावे. एखादीला त्याने बळ येते, तर दुसरीला घरात सगळीकडे स्वतःचेच टक्कल दिसू लागते.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो स्त्रीवादी बाजूने येतो. विग देणे म्हणजे ‘केसाशिवाय बाई अपुरी’ या समजुतीला खतपाणी घालणे नाही का? टक्कल असलेली बाई रस्त्यावर निःसंकोच चालेल असा समाज घडवायचा, की तिचे टक्कल झाकायला मदत करायची? समाज घडवायचा, यात शंकाच नाही. पण तो घडवण्याचे ओझे केमोच्या तिसऱ्या सायकलमध्ये असलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवता येत नाही. तिने बंडाचा झेंडा व्हावे ही अपेक्षाही तिच्यावर दुसऱ्याने लादलेलीच. इथे ती जुनी कसोटी कामी येते: ज्याचे डोके त्याचा निर्णय. कुणी विग घालील, कुणी पदर घेईल, कुणी रंगीत स्कार्फ बांधील, कुणी काहीच न घालता लोकलमध्ये चढेल. चारही मार्ग सारखेच मानाचे आहेत. आपले काम एवढेच की चारही मार्ग तिला खरोखर मोकळे असावेत. आज श्रीमंत रुग्णाला पाचवाही मार्ग आहे. केमो चालू असताना टाळू थंड ठेवून केस वाचवणारी यंत्रे मोठ्या शहरांतल्या काही खासगी हॉस्पिटलांत आहेत. अमेरिकेत अशा यंत्राला २०१५ मध्ये परवानगी मिळाली. ते सर्वांना चालत नाही आणि सर्वांना परवडत तर मुळीच नाही. गरीब रुग्णाला मात्र पदराखेरीज काही सुचवलेही जात नाही.

निर्णयाचा हक्क बायकांपुरता समजू नये. ‘पुरुषाला टक्कल चालते’ असे म्हणून मुलग्यांना आपण हिशेबातच धरत नाही. चाळिशीत हळूहळू मागे सरकणारे केस आणि नवव्या वर्षी महिन्याभरात गेलेले केस, भुवया, पापण्या यांत काही साम्य नाही. वर्गात ‘टकल्या’ ही हाक त्या मुलालाही ऐकावी लागते. विगांच्या यादीत मुलग्यांचे, आखूड केसांचे विग असायलाच हवेत. आखूड विगला लांब केस लागत नाहीत; तेव्हा बारा इंचांपेक्षा कमी लांबीची वेणी बिनकामाची म्हणून परत पाठवण्याआधी तिचा हा उपयोग संस्थांनी तपासून पाहावा.

करायचे काय, ते आता नेमके सांगता येते. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना राष्ट्रीय आरोग्य सेवेतून विग मोफत मिळतो. फ्रान्समध्ये २०१९ पासून ठरावीक किमतीपर्यंतच्या कृत्रिम विगचा पूर्ण खर्च केमोच्या रुग्णांना परत मिळतो. विग हा उपचाराचा भाग आहे, असे या देशांनी मानले. आपल्या राज्यात महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने जनआरोग्य योजना आहे आणि तिच्यात केमोचा खर्च भागतो. ज्यांच्या विचारांच्या माणसांनी बाईच्या डोक्यावरचा वस्तरा थांबवला, त्यांच्या नावाच्या योजनेत केमोबरोबर दोन-तीन हजारांचा विग किंवा चार स्कार्फ मिळावेत, ही मागणी अवाजवी नाही. एका केमो सायकलच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. परळचे टाटा, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी, बार्शीचे नर्गिस दत्त अशा ज्या हॉस्पिटलांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात, तिथे विगची पेढी चालवणे महिला मंडळांना, रोटरीसारख्या संस्थांना सहज शक्य आहे. त्यासाठी लागते एक खोली, एक आरसा, बंद होणारे दार आणि आठवड्यातून दोनदा येऊन बसणारी, या वाटेने जाऊन आलेली एखादी बाई. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून विग बांधण्याचे प्रशिक्षण देणारी केंद्रे निघाली तर गुंतवळ सोडवणाऱ्या हातांना अधिक मजुरीचे काम मिळेल आणि चाईच्या मुलांना मापाचे विग इथेच मिळतील.

आणि ज्यांनी या ऑक्टोबरात केस द्यायचे ठरवले आहे, त्यांना सांगणे एवढेच. जरूर द्या, पण कात्री लावण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा: माझे केस विगसाठीच वापरणार का, की विकणार? विकणार असाल तर तो पैसा कशावर खर्च होतो? गेल्या वर्षी किती वेण्या आल्या आणि किती विग रुग्णांना दिले? विगची मजुरी कोण भरते? उत्तरे सरळ मिळाली तर वेणी द्या आणि तिच्याबरोबर जमेल तेवढी मजुरीही द्या. स्वतःकडे नसेल तर कौतुक करायला आलेल्यांकडून मागून घ्या. उत्तरे मिळाली नाहीत तर दुसरी संस्था शोधा. केस पुन्हा वाढतील, घाई नाही. घाई आहे ती ज्या बाईची पहिली केमो पुढच्या सोमवारी आहे तिला. तिच्यासाठी आपल्या गावातल्या हॉस्पिटलात विगची पेढी आहे का, एवढे उद्या फोन करून विचारा. नसेल तर ती सुरू करण्यासाठी चार माणसे जमवा.